सदतीस सेकंदांच्या आत

तिसऱ्यांदा चुकलं की पाण्याबाहेर यायचं, असा आमच्या मॅडमचा नियम होता. चुकलं की नाही ते सांगायचं काम माझ्याकडे होतं. आठवी अर्ध्यात सोडलेल्या बाईकडे हे काम कसं आलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लग्न होऊन मी यवतमाळकडच्या गावातून भोपाळला आले तेव्हा हिंदी मला समजायची, पण बोलायला तोंड उघडत नसे. इंद्रपुरीत आमची खोली. नवरा मोठ्या कारखान्याला सुटे भाग करून देणाऱ्या एका शेडमध्ये लेथवर. तो कामावर गेला की मला धडधड सुरू व्हायची. कशाची, ते विचारू नका. शेजारणीच्या कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. मग अरेरा कॉलनीत एका मराठी घरी पोळ्या करायचं काम मिळालं. त्या घरच्या ताई मूळ नागपूरच्या, सरकारी ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. पहिल्या दिवशी त्या मराठीतून म्हणाल्या, "बस आधी, दम घे," तर मी ओट्याला धरून रडलेच. वर्षभराने त्याच म्हणाल्या, "किती दिवस पोळ्या लाटशील? आमची पोरगी जिथे पोहते तिथे बायकांच्या खोलीकडे बघायला कुणीतरी पाहिजे. मी बोलते." नुसतं म्हणाल्या नाहीत, खरंच बोलल्या. आठ दिवसांत माझ्या गळ्यात फोटोचं कार्ड आलं. ते कार्ड मी घरी आल्यावरही लवकर काढत नसे.

भोपाळात तलाव म्हटलं की लोक मोठ्या तलावाकडे बोट दाखवतात, म्हणून पोहायच्या तलावाला आम्ही पूलच म्हणतो. आमचा पूल पंचवीस मीटरचा, उघड्यावरचा. कपडे बदलायच्या खोलीच्या दारात माझं स्टूल. मला पोहता येत नाही. आजही येत नाही. पाण्याच्या कडेने चालताना मी भिंतीला हात लावून चालते.

मला एक खोड आहे. जीव घाबरा झाला की मी मोजत बसते. फरशा, पायऱ्या, बसच्या खिडक्या. एका सकाळी मुलं भांडत होती, किती फेऱ्या झाल्या म्हणून. कुणी सोळा म्हणे, कुणी वीस. मी दारातून म्हणाले, "अठरा."

मॅडम वळल्या. मॅडम म्हणजे आमच्या कोच. वडिलांची पुण्याहून बदली झाली तेव्हा लहानपणी इथे आलेल्या, आता पन्नाशी ओलांडलेल्या. मराठी अगदी स्वच्छ, पण राग आला की हिंदीवर जायच्या.

"तुम्ही मोजत होतात?"

"मोजल्या जातात हो मॅडम. मी काही मुद्दाम नाही केलं."

पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्या हातात दोरीचं स्टॉपवॉच दिलं. अंगठ्याने नाही, पहिल्या बोटाने दाबायचं, कारण अंगठा घाई करतो. हात भिंतीला लागलेला दिसला की दाबायचं. आता लागेलच, असं वाटून नाही. शेवटचे दोन आकडे सेकंदाचे शंभरावे भाग. हे सगळं त्यांनी मला एकदाही "कळलं का?" असं न विचारता शिकवलं. ज्यांना कुणी सतत "कळलं का" विचारलेलं असतं त्यांनाच समजेल की हे केवढं मोठं आहे.

त्या वर्षी मॅडमनी मोठ्या मुलामुलींचा सराव बदलला होता. आधी पोरं सकाळभर संथ फेऱ्या मारायची. मॅडम म्हणायच्या, हळू पोहून अंग हळू पोहायलाच शिकतं. शर्यतीत ज्या वेगाने जायचं, त्याच वेगाने सराव, फक्त तुकड्यातुकड्याने. ताईंची मुलगी तेव्हा चौदाची. तिची शर्यत दोनशे मीटरची. उन्हाळ्याच्या शेवटी राज्याच्या संघासाठी निवड होणार होती, आमच्याच पूलवर, आणि मॅडमच्या अंदाजाने दोन मिनिटं अठ्ठावीस सेकंदांत आली तर तिचं नाव लागणार होतं. म्हणजे दर पन्नास मीटरला सदतीस. सदतीस चोक एकशे अठ्ठेचाळीस; शाळा सुटली तरी पाढे माझे सुटले नव्हते.

भिंतीवर मोठं घड्याळ, त्याचा तांबडा काटा बारावर आला की सुटायचं. पन्नास मीटर, म्हणजे जाऊन परत यायचं. सदतीसच्या आत आली तर उरलेला वेळ भिंतीला धरून दम घ्यायचा आणि काटा पुन्हा बारावर आला की सुटायचं. अशा वीस. सदतीसच्या वर गेली तर ती चूक. चुकीनंतरचं एक मिनिट पाण्यातच थांबायचं. तिसरी चूक झाली की त्या दिवशीचा सराव संपला. कितव्या फेरीला चुकली ते वहीत लिहायचं. मॅडम पलीकडच्या टोकाला लहान मुलांकडे असायच्या. संध्याकाळी फक्त वही बघायच्या आणि पुढचं ठरवायच्या. लागोपाठ दोन दिवस वीसच्या वीस आल्या की वेळ अर्ध्या सेकंदाने खाली.

"चुकणं हाच सराव आहे," त्या मुलांना सांगायच्या. "जिथे चुकतेस तिथून पुढे अंग बनतं." मुलांना ते पटायचं नाही. खरं तर मलाही नाही. चुकणं हा सराव कसा असेल? मी चुकले की माझी शाळाच सुटली होती.

पहिल्या आठवड्यात ती अकराव्या-बाराव्या फेरीलाच बाहेर यायची. तोंड पाडून माझ्या स्टुलाशेजारी बसायची. "मावशी यार, पाय चालतच नाहीत." मी तिच्या घरी पोळ्या करत होते तेव्हापासून तिची मावशी. तिला करपलेली पोळी आवडायची, तेवढी एक मी मुद्दाम करपवायची.

मग एका सकाळी पंधरावी फेरी आली. दोन चुका आधीच झालेल्या. तिने भिंतीला हात लावला, मी बोट दाबलं. सदतीस वीस. तिने डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. चष्म्यात पाणी होतं की डोळ्यांत, मला कळलं नाही.

"छत्तीस नव्वद," मी म्हणाले.

तोंडातून गेलंच ते. मग वहीतही तेच लिहिलं, कारण बोललेलं एक आणि लिहिलेलं दुसरं हे मला आणखी मोठं पाप वाटलं. त्या दिवशी तिने वीसचा आकडा गाठला. उरलेल्या पाचांपैकी तीन माझ्याच होत्या, तिच्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ताई तिला सोडायला आल्या. गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "काय जादू केली गं? काल पोरगी चार पोळ्या जेवली. महिन्यात पहिल्यांदा गाणं म्हणत झोपायला गेली." मी हसले. ज्यांनी मला त्या खोलीतून बाहेर काढलं त्यांना मी काहीतरी दिलं होतं. असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं.

नियम मला ठाऊक होता, पण त्याचा हिशेब माझ्या डोक्यात नीट बसला नव्हता. लागोपाठ दोन दिवस वीसच्या वीस झाल्या, तेव्हा मॅडमनी वही मिटली आणि म्हणाल्या, "शाब्बास. उद्यापासून साडेछत्तीस."

माझ्या हातातली कपड्यांची बादली खाली ठेवली गेली.

सदतीसला न येणारी मुलगी साडेछत्तीसला कशी येणार? मग मी आणखी कमी सांगू लागले. आधी दोन-तीन दशांश, नंतर अर्धा सेकंद, कधी सात दशांश. दरवेळी वाटायचं, आज अंग जड असेल, उद्या ती खरंच येईल, मग मीही खरं सांगेन, आणि दोन्ही एकमेकांना जुळतील. ती मात्र खूश होती. शाळेत सांगून आली होती की माझं नक्की आहे. बसमध्ये माझा थांबा दोनदा मागे राहिला. एकदा तर मी खिडक्या मोजता मोजता पिपलानीपर्यंत गेले.

निवडीला अकरा दिवस उरले होते तेव्हा मॅडम तिला शर्यत कशी पोहायची ते सांगत होत्या. मी जवळच ओल्या फरशीवर वायपर मारत होते. "तुझी वही छान आहे. पहिल्या शंभरला थोपवायचं नाही. एक तेराला वळ. पुढे तुझं अंग सांभाळून घेईल."

एक तेरा, म्हणजे साडेछत्तीसच्या दोन. वायपर माझ्या हातात तसाच राहिला. खरी तर ती सदतीसलाही नीट येत नव्हती. एक तेराला वळली असती तर शेवटच्या पन्नासला तिचे हात उचललेच गेले नसते. सगळ्यांसमोर, तिच्या एकुलत्या एका संधीला. आणि तसं तिला पोहायला सांगणारी वही माझ्या अक्षरातली.

त्या दुपारी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. त्याचा घास थांबला.

"काऊन केलं असं?"

"पोरीचं तोंड बघवत नव्हतं."

"आमच्या शेडमध्ये एकानं मायक्रोमीटर पाहून तिसरंच माप लिहिलं होतं. साहेबाला बरं वाटावं म्हणून. पीस मोठ्या कारखान्यात गेला, बसला नाही. आता मले सांग, कोणाले बरं वाटलं?" मग थोडं थांबून म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ दे. पोळ्या तर येतात तुले." हे तो धीर द्यायला म्हणाला. मला आणखीच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सगळी मुलं गेल्यावर मी मॅडमपुढे वही ठेवली. उभ्यानेच सांगितलं. पहिलं वाक्य घरून पाठ करून आणलं होतं, ते विसरले, आणि मधूनच सुरू झालं. मॅडमना आधी काही समजलंच नाही. मग समजलं.

"दिमाग़ ख़राब है क्या आपका?" म्हणजे खरोखर राग आला होता. "कितने दिन?"

"चोवीस, मॅडम. त्यात तीन रविवार सुट्टीचे."

"खऱ्या वेळा कुठे लिहिल्यात?"

"लिहिल्या नाहीत."

त्यांनी वही उघडली, एकेका पानावरून बोट फिरवलं. त्या पानांचा आता काही उपयोग नव्हता आणि तरी त्या शेवटपर्यंत गेल्या. "का?"

"तिच्या आईचे उपकार आहेत माझ्यावर."

"उपकार त्यांचे. वही माझी होती." आवाज उतरला होता, मराठी परत आली होती. "तुम्ही माझं सांगणं मोडलं त्याचं मला एवढं नाही. तुम्ही तिची चुकायची जागा काढून घेतलीत. मला कळलंच नाही तिचं अंग कुठे थकतं ते."

मला वाटलं आता कार्ड मागतील. मी ते गळ्यातून अर्धं काढलंसुद्धा.

"ते ठेवा. उद्या परत सदतीसची वेळ. खरं सांगायचं. आणि तिला तुम्हीच सांगायचं, मी नाही."

सकाळी तिने अंगावर पाणी घेतलं, घड्याळाकडे बघितलं, म्हणाली, "आज सदतीस? मॅम को क्या हुआ? ये तो मैं नींद में कर लूँ." पहिल्या सहा फेऱ्या आत आल्या. सातवीला मी बोट दाबलं आणि आकडा दोनदा वाचला.

"सदतीस चाळीस. नाही."

"क्या?"

"एक मिनिट थांब."

थांबली. नववीला पुन्हा. "सदतीस साठ. नाही."

"मावशी, तुझं घड्याळ बिघडलंय यार. बॅटरी बघ ना."

"घड्याळ चांगलं आहे. मी वाईट होते. मी महिनाभर तुला कमी सांगत होते."

मी हे मोठ्याने बोलले, कारण हळू बोलले असते तर बोललेच नसते. शेजारच्या पट्ट्यातली मुलं थांबली. एक मिनिट ती भिंतीला धरून राहिली. काटा बारावर आला तशी सुटली, रागाने, आणि ती फेरी सदतीसच्या आत आली. पुढचीही आली. तेरावीला संपलं. बाहेर आली, टॉवेल ओढून घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"म्हणजे तुला पहिल्यापासून लगता था की माझ्याच्यानं होणार नाही."

मला असं कधीच वाटलं नव्हतं, पण मी वागले होते मात्र तसंच.

त्यापुढचे दिवस मी कसे काढले ते मोजून सांगू शकते: फोन वाजला की तीन रिंग होईपर्यंत उचलत नसे. दुसऱ्या संध्याकाळी ताईंचं नाव दिसलं. झालं, पोरीने सांगितलं. मी उभी राहून फोन घेतला.

"अगं, थालीपिठाच्या भाजणीत धणे भाजून घालतेस की कच्चे?"

"भाजून, ताई."

"बरं." फोन बंद. पोरीने सांगितलं नव्हतं. मीही त्या वेळी सांगू शकले नाही.

मॅडमनी दुसरं घड्याळ आणलं. एका मुलाचे आजोबा नातवाला घेऊन येत. कारखान्यातून रिटायर झालेले, तिथे तयार माल तपासायचं काम केलेले. त्यांना माझ्या शेजारी खुर्ची टाकून दिली. दोघांचेही आकडे वहीत. लाज वाटायची, पण तेवढाच आधारही होता. आजोबा रोज चष्मा पुसून तयार. "बिटिया, तुम्हारा कितना?"

"अडतीस."

"मेरा सैंतीस अस्सी." पुढच्या फेरीला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना हाक मारली. "मैडम, पहले ये माफ़ी देती थीं, अब सज़ा दे रही हैं."

खरंच होतं. कमी सांगायच्या भीतीने मी आता हात लागल्यावर क्षणभर थांबून बोट दाबत होते. पोरीने ते ऐकलं. पाण्यातूनच म्हणाली, "मावशी, इतकंही खरं नको ना!" इतक्या दिवसांत ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. आजोबा इतके हसले की त्यांचं घड्याळ चालूच राहिलं.

निवडीपर्यंतच्या त्या दिवसांत मॅडमना कळलं की ती सातव्या फेरीपाशी डावा खांदा उचलायचा आळस करते. तेवढंच सुधारायला वेळ होता. शर्यतीचा बेत बदलला: पहिल्या शंभरला एक चौदा, त्याच्या आत नाही.

निवडीच्या दिवशी माझ्या जागेवर तीन परके वेळ घेणारे, पांढऱ्या कपड्यांत. मी बायकांच्या खोलीच्या दारातच उभी राहिले. ताई समोरच्या पायऱ्यांवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी काही मोजलं नाही. मोजायचं म्हटलं तरी जमलं नसतं. शंभरला वळली तेव्हा ती सहावी होती. शेवटच्या पन्नासला मला वाटलं आता थांबेल, आता हात खाली राहील. थांबली नाही. एकीला मागे टाकलं, आणखी एकीच्या खांद्याला लागली, आणि सगळ्यांचे हात एकदमच भिंतीला लागल्यासारखे दिसले.

चार घ्यायच्या होत्या. ती पाचवी. दोन अठ्ठावीस चाळीस. चौथीचे दोन अठ्ठावीस शून्य पाच.

मॅडम म्हणाल्या, तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ आहे ही. तेही खरं होतं. पण पस्तीस शतांश. ते चोवीस दिवस ती खऱ्या वेळेवर पोहली असती, पाचव्या दिवशीच तो खांदा मॅडमना दिसला असता, तर? कुणी सांगू शकत नाही. मॅडमना मी विचारलं, त्याही म्हणाल्या, सांगता येत नाही. हो म्हणाल्या असत्या तरी बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

दोन दिवसांनी मी ताईंच्या घरी गेले. मुलगी शिकवणीला गेलेली. ताई ऑफिसची साडी नेसून पायात चप्पल सरकवत होत्या. मी दारातच सगळं सांगितलं, पहिल्या "छत्तीस नव्वद"पासून. चप्पल एका पायात, एक बाहेर.

"तिला माहीत आहे?"

"तिला सांगितलं. निवडीच्या आधीच."

"आणि ती मला बोलली नाही." हे त्या स्वतःशीच म्हणाल्या. माझी नजर फरशीवर गेली, पण मी फरशा मोजल्या नाहीत. "मला राग आला आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तो जाईल का, मला माहीत नाही."

"हो, ताई."

"पुढच्या वर्षी मोठ्या गटात जाईल. तिथे किती लागतं?"

"मॅडम दोन पंचवीस म्हणतात. पन्नासला सव्वाछत्तीस."

त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "जमेल तिला?"

माझ्या ओठांवर 'हो' आलेलंच होतं. इतकं तयार, इतकं गोड.

"आज नाही जमत, ताई," मी म्हणाले. "आज ती सदतीसला पंधराव्या फेरीपर्यंत टिकते."

ताईंनी मान हलवली, पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि म्हणाल्या, "चल, पूलकडे जातेयस ना? रस्त्यातच आहे माझ्या."